कारण सांगायला बंदी

सोयाबीनचा आजचा भाव किती, हे सामुदायिक रेडिओ सांगू शकतो. भाव का पडला, हे सांगायला गेला तर त्याचा परवाना धोक्यात येतो.

ही अट 2006 सालच्या धोरणातली. बातम्या नकोत, चालू घडामोडी नकोत, राजकीय स्वरूपाचं काहीही नको. ट्रान्समीटर 100 वॅटचा, मनोरा 30 मीटरच्या आत, आवाज पोचतो तो जेमतेम दहा-बारा किलोमीटर. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच लोकांना घेऊन केले पाहिजेत. म्हणजे माणसं गावची, भाषा गावची, गळा गावचा. फक्त गावात काय चाललंय हे गावाने बोलायचं नाही. बातम्या हव्याच असतील तर आकाशवाणीच्या लावा, जशाच्या तशा, काना-मात्रा न बदलता. देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. त्यातल्या एकालाही आपल्या जिल्हा परिषदेची बातमी स्वतःच्या तोंडाने देता येत नाही.

मोबाइलवर कोणीही, कुठूनही, काहीही पाठवतो. टीव्हीवर रात्री सात-आठ जण एकदम ओरडत असतात. आणि ज्याचं घर, शेत, भावकी सगळं ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, खोटं बोलला तर ज्याला दुसऱ्या दिवशी पारावर जाब द्यावा लागेल, नेमक्या त्याच माणसाला बातमी द्यायला मनाई. ही बंदी उठली पाहिजे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात तर ती मतदाराच्या मुळावर आलेली आहे.

भावापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे खरीप म्हणजे सोयाबीन. 2024-25 साली हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, 2025-26 साली 5328. बाजारात माल आला की भाव हमीभावाच्या खाली, ही या दोन्ही दिवाळ्यांची रड. यामागे जे घडतं त्यातलं निम्मं आशियाच्या राजकारणात घडतं. खाद्यतेलाची आपली निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते, आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, कारण तिथे स्वयंपाकाचं तेल महागलं होतं आणि लोक सरकारवर चिडले होते. 23 मे रोजी बंदी उठवली. तिकडच्या राष्ट्राध्यक्षाने घेतलेल्या निर्णयाचे हेलकावे इकडे लातूर-बार्शीच्या आडतीवर बसले.

मग आपलं सरकार. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं. महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक तेव्हा दोन महिन्यांवर होती. मे 2025 च्या शेवटी तेच शुल्क 10 टक्क्यांवर आणलं. निवडणूक होऊन गेली होती, आणि शेतकरी पेरणीच्या तयारीत होता. या दोन तारखा शेजारी ठेवून सांगणं ही साधी माहिती आहे. कळंबच्या शेतकऱ्याला ती पेरणीआधी मिळायला हवी. पण सामुदायिक रेडिओवर ती 'चालू घडामोड' ठरते.

तुरीचंही तेच. 1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेल्या लोकांना डांबलं आणि सत्ता बळकावली. त्याच वर्षी भारताने म्यानमारशी करार केला, पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणण्याचा. ज्या देशात मतपेटी लाथाडली गेली त्या देशातली डाळ आपल्या बाजारात उतरते, आणि आपल्या मतदाराच्या तुरीचा भाव तिच्याशी झुंजतो. म्यानमार, जकार्ता हे विषय दिल्लीतल्या अभ्यासकांचे आहेत असं कोणी म्हणत असेल, तर त्याने एकदा तूर निघाल्यावर मोंढ्यात येऊन उभं राहावं.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर ही बंदी टिकूच नये.

1993 साली हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण खातं यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल लागला आणि तो क्रिकेटच्या फार पुढे गेला. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आपल्या मराठी माणसाने लिहिलेल्या निकालातून या देशात सामुदायिक रेडिओची वाट निघाली. सरकारला त्या वाटेवर पाऊल टाकायला सात वर्षं लागली. 2002 साली आधी शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, आणि 2006 साली स्वयंसेवी संस्थांना.

दुसरा निकाल 2 मे 2002 चा. उमेदवारावर गुन्हे किती, संपत्ती किती, शिक्षण किती, हे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे आणि तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या खटल्यात सांगितलं. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक रोखे रद्द करताना न्यायालयाने मतदाराच्या याच हक्कावर बोट ठेवलं.

आता दोन्ही निकाल एकत्र वाचा. लहरी जनतेच्या आणि जाणण्याचा हक्क मतदाराचा. मग जनतेच्या लहरींवरून मतदाराला हवी ती माहिती देता येऊ नये, हे कुठून आलं? 2013 साली 'कॉमन कॉज' संस्थेने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. एवढ्या केंद्रांवर देखरेख ठेवायची यंत्रणा नाही, देशविरोधी लोक गैरफायदा घेतील, हा सरकारी बाजूचा मुद्दा. मला तो पटत नाही. प्रत्येक केंद्राला आपल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावं लागतं. चुकीचं बोललं तर पुरावा हातात आहे आणि माणूसही समोर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निनावी मजकुराबद्दल यातलं काहीच म्हणता येत नाही.

निवडणूक आली की या केंद्रांना 'मतदान करा' अशी गाणी वाजवायला सांगतात. छान आहे. पण कोणाला, हे ठरवायला लागणारी माहिती? उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र हा सरकारी, जाहीर कागद आहे. तो वाचून दाखवला तर तो 'राजकीय स्वरूपाचा' कार्यक्रम होतो का? धोरणात ही हद्द आखलेली नाही. जिथे हद्द आखलेली नसते तिथे लहान संस्था चार पावलं मागेच उभी राहते. परवाना गेला तर लाखो रुपयांची यंत्रसामग्री भंगारात जाणार, हे तिला माहीत असतं.

आता आपल्या दारातलं बघू.

ऑक्टोबर 2024. तुळजापूर विधानसभा मतदारसंघात ऑनलाइन अर्जांवाटे सहा हजारांच्या आसपास बोगस नावं मतदारयादीत घुसवण्याचा प्रयत्न उघडकीला आला. गुन्हा दाखल झाला. सहा हजार! या मतदारसंघातली अनेक अख्खी गावं तेवढ्या लोकसंख्येची नाहीत.

आणि उमरग्याच्या शेजारी, सीमेपलीकडे, कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद. लग्नसंबंध तिकडचे, देवदर्शन तिकडचं, बाजारही अर्धा तिकडचा. तिथे 2023 च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीआधी नावं वगळण्यासाठीचे, नमुना 7 चे, 6018 अर्ज ऑनलाइन आले. तपासल्यावर त्यातले खरे निघाले 24. बाकीच्या अर्जांवर ज्या मतदारांची नावं अर्जदार म्हणून होती त्यांना आपल्या नावाने अर्ज गेलाय याचा पत्ताही नव्हता. नावं वाचली, कारण प्रकार वेळेत कळला. आणि कळला कसा? एका बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बाईंना वगळायच्या यादीत आपल्याच नात्यातल्या माणसाचं नाव दिसलं. माणूस तर इथेच आहे, मग अर्ज कोणी केला, असं त्यांनी विचारलं, आणि धागा उसवत गेला.

तुळजापुरात नावं घालायची होती, आळंदला काढायची. दोन्हीकडे यंत्राला अर्ज बरोबरच वाटत होता. तो खोटा आहे हे माणसाला माणूस माहीत होता म्हणून कळलं. यादीतली चोरी पकडण्याचं सगळ्यात खात्रीचं साधन ओळख आहे, आणि दहा किलोमीटरचा रेडिओ म्हणजे ओळखीचाच कारभार. तहसीलच्या फलकावर लावलेली यादी कोण वाचतं? संकेतस्थळावरची तर नाहीच. पण संध्याकाळी सात वाजता रेडिओवर 'आज अमुक गावचा भाग क्रमांक तमुक, वगळण्यासाठी आलेली नावं ऐका' असं सुरू झालं, तर चुलीपुढे बसलेली बाईसुद्धा म्हणेल, अगं, ही तर आपली धाकटी जाऊ, ती कुठे गेलीय? फेरफाराचं चावडीवाचन महसूल खात्याला माहीत आहे. ते मतदारयादीचं करा, आणि रेडिओवरून करा.

यासाठी आपल्याकडे नमुनाही आहे, आणि तो तुळजापूरचाच आहे. गोंधळ बघा. संबळ कडाडला, दिवटी पेटली, तुणतुणं लागलं की गोंधळी आधी आवतण देतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. नावानिशी, गावानिशी. गावकुसाबाहेरच्या लहान दैवतांनाही बोलावणं असतं. सगळ्यांना हाक मारून झाल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही. मतदारयादी अशी पुकारली गेली पाहिजे. हाक मारून झाल्याशिवाय मतदान नको.

हाक मारायची म्हटलं की ऊसतोडणीवाले आठवतात, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे.

भूम, वाशी, परंडा, कळंब. दसरा झाला की बालाघाटातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते. आजारपणाला, लग्नाला, घरपट्टीला गेलेली असते. आता ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीत दहा-पंधरा कोयते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गाठोडी, शेळी, लहान पोर, आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर थेट कर्नाटक. कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात. पहाटे तीनला उठून उसात, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत हेच. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

2024 साली गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. 2025 साली हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू झाला, नगरपालिकांचं मतदान 2 डिसेंबरला. आणि ज्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती, जिथे जवळपास चार वर्षं प्रशासक बसला होता, सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला बजावल्यानंतर जी निवडणूक हलली, ती धाराशिव जिल्हा परिषदेची निवडणूक आली फेब्रुवारी 2026 मध्ये. ऐन हंगामात. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तोडणीवाल्याची पोरगी शिकते, ज्या आरोग्य केंद्रात तिची आई बाळंत होते, त्या जिल्हा परिषदेसाठी त्याने मत द्यायचं तेव्हा तो दोनशे किलोमीटरवर ऊस सोलत असतो.

निवडणूक आयोगाला हे माहीत नाही असं नाही. 2019 च्या लोकसभेला मतदान 67.4 टक्क्यांवर अडलं, 30 कोटींच्या आसपास मतदार मतदानाला आलेच नाहीत, आणि स्थलांतर हे त्याचं मोठं कारण, असं आयोगानेच डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. त्यासाठी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना बनवला. एका यंत्रावर 72 मतदारसंघ. 16 जानेवारी 2023 ला राजकीय पक्षांना तो दाखवायला बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या. त्यानंतर ते यंत्र कुठल्याही निवडणुकीत दिसलं नाही. शंका रास्त असतील. पण यंत्र नको असेल तर दुसरी सोय सांगा. कारखान्यावर मतदान केंद्र, टपाली मत, भरपगारी दोन दिवस सुट्टी आणि एसटी. एकाही पक्षाने यातलं काही लावून धरलं नाही.

सोय होत नाही तेव्हा गाडी उमेदवाराची येते. रात्रीतून फडावरून उचलायचं, सकाळी बटण दाबून घ्यायचं, संध्याकाळी परत. मतदाराला फुकट गाडीने केंद्रावर नेणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली भ्रष्ट आचार आहे. सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांदेखत चालतं. दोष मी कोप्यातल्या माणसाला देणार नाही. मुकादमाची उचल डोक्यावर असलेला माणूस, त्याला उमेदवाराच्या उपकाराचंही ओझं आपणच चढवलंय.

इथे रेडिओ काय करणार? धाराशिवचं केंद्र 100 वॅटवर कोल्हापूरला ऐकू येणार नाही, खरं आहे. पण मुद्रण मोबाइलवर जातं. कारखान्याच्या पट्ट्यात सामुदायिक केंद्रं आधीपासून आहेत. बारामतीत वसुंधरा वाहिनी आहे, जत तालुक्यातल्या जालिहाळला येरळा वाणी आहे, माणदेशात म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग आहे. भूमच्या टोळीला तिच्या गावच्या निवडणुकीत कोण उभं आहे, पाच वर्षांत काय झालं, कुठली शाळा बंद पडली, हे या केंद्रांवरून रात्री अर्धा तास सांगता आलं, तर मतदानाचा दिवस हा फक्त गाडी येण्याचा दिवस राहणार नाही. हे करायला फार पैसे लागत नाहीत. परवानगी लागते.

सप्टेंबर 2025 चा पूर अजून अंगावर आहे. परंडा, भूममध्ये सीना-चांदणीच्या पाण्याने गावं वेढली, माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली, जमिनी खरवडून गेल्या. पूर येतोय, वर चढा, हे सांगायला सामुदायिक रेडिओला मुभा आहे. आपत्तीची सूचना बातमीत धरत नाहीत. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले माझ्या गावात किती आले, पंचनामा कोणाचा झाला, कोणाचा राहिला, खरवडलेल्या जमिनीला काय मिळालं? हे विचारलं की मुभा संपते. जीव वाचवायला बोला, हक्क मागायला बोलू नका, असा या नियमाचा अर्थ झाला, आणि तो मी कुठल्याही पूरग्रस्ताच्या तोंडावर उच्चारू शकत नाही.

गाणं चालतं, असं म्हणतात. लोककला चालते. कुठली?

सगळ्यात जुना म्हणून जो पोवाडा आपल्याला माहीत आहे तो अज्ञानदासाचा, अफजलखानाच्या वधाचा. खान तुळजापुरावरून आला होता. ती घटना 1659 ची आणि पोवाडा त्याच काळातला. म्हणजे पोवाडा जन्मला तोच ताजी घडामोड सांगायला. राजकारण सांगायलाच. बार्शीचे अमर शेख, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढलं, आणि गिरणगावातला संप, बंगालचा दुष्काळ, पुढे संयुक्त महाराष्ट्र, हे लाखो लोकांना डफ-तुणतुण्यावर कळलं. बार्शी आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. अमर शेखांचा आवाज हा आपल्याच मातीतला आवाज. आज एखाद्या शाहिराने परंड्याच्या पंचनाम्यावर पोवाडा रचला आणि सामुदायिक केंद्रावर म्हणायला आला, तर केंद्रचालक त्याला काय म्हणेल? 1659 चा म्हणा, शाहीर. 2025 चा नको.

रेडिओच्या बाहेर तर याहून वाईट. पुण्यात 2002 साली, गुजरातच्या दंगलीनंतर, तरुण पोरांनी कबीर कला मंच उभा केला. वस्त्यावस्त्यांत गाणी, पथनाट्यं. 31 डिसेंबर 2017 ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. ती आपण आणि बी. जी. कोळसे पाटील यांनी बोलावली होती, असं न्यायमूर्ती सावंत उघड सांगत राहिले. हेच ते सावंत, रेडिओलहरी जनतेच्या म्हणणारे. सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप या मंचाच्या कलावंतांना याच परिषदेच्या प्रकरणात सप्टेंबर 2020 मध्ये अटक झाली, आणि खटला उभा राहण्याआधीच त्यांची वर्षं तुरुंगात गेली. त्यांची सगळी मतं मला पटतात की नाही, हा प्रश्न इथे येतच नाही. गाणाऱ्या माणसाला खटल्याशिवाय वर्षानुवर्षं कोंडून ठेवणं हा अन्याय आहे, आणि त्या धाकाने बाकीचे शाहीर गप्प बसले तर नुकसान ऐकणाऱ्यांचं आहे.

2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. त्यांच्या नावाला काहींनी विरोध केला होता. पण पाण्याला महाग असलेल्या या शहराने त्यांना प्रेमाने ऐकलं. या जिल्ह्याला ऐकून घेता येतं, अवघड गोष्टसुद्धा. राजकारणाची बातमी कानावर पडली तर इथले लोक भडकतील, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी हा जिल्हा पाहिलेला नाही.

परवानगीची वाट न बघता काय करता येतं, हे शेजारणींनी दाखवलंय. पुणे-हैदराबाद महामार्गाने नळदुर्ग, उमरगा मागे टाकून पुढे गेलं की जहिराबाद लागतं. त्या तालुक्यातल्या माचनूरमध्ये संघम रेडिओ आहे. दलित शेतकरी बायकांच्या संघांचा. 1998 पासून यंत्रं तयार होती, बायका शिकून तयार होत्या, परवाना मात्र नव्हता. त्यांनी कार्यक्रम कॅसेटवर भरले आणि संघांच्या बैठकीत कॅसेट लावून ऐकवले. बियाणं, आजार, मजुरी, नवऱ्याची मारहाण, सगळं. दहा वर्षं असंच. परवाना हाती आला आणि 15 ऑक्टोबर 2008 ला रेडिओ हवेत गेला. नरसम्मा नावाच्या दोघी जणी तो चालवायला पुढे होत्या. एकीला सगळे 'जनरल' म्हणत. त्या माळावरची जमीन उमरग्याच्या जमिनीसारखीच, पाऊस तसाच बेभरवशाचा. त्यांना जमलं ते लोहाऱ्याच्या बचतगटाला जमणार नाही असं मी मानत नाही. 1993 च्या भूकंपात सास्तूर कोसळलं, आणि घरं पुन्हा उभी करताना इथल्याच बायका गवंड्याच्या कामावर नजर ठेवायला शिकल्या.

आणि बातमी दिल्याने देश बुडत नाही, हे नेपाळने दाखवलंय. 1997 साली काठमांडूत रेडिओ सगरमाथा सुरू झाला, दक्षिण आशियातला पहिला स्वतंत्र सामुदायिक रेडिओ. पुढे डोंगराडोंगरात केंद्रं झाली आणि सगळी बातम्या देतात. 1 फेब्रुवारी 2005 ला राजा ज्ञानेंद्रने सत्ता हातात घेतली तेव्हा पहिला घाव घातला तो एफएमवरच्या बातम्यांवर. फक्त गाणी लावा, असा हुकूम. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात जनआंदोलनाने राजाला माघार घ्यायला लावली, आणि नंतर तिथे राजेशाहीच संपली. ज्ञानेंद्राने आणीबाणीत घातलेली बंदी आपल्याकडे शांततेच्या काळात चालू आहे, आणि ती घालणारे सगळे लोकांनी निवडून दिलेले आहेत.

आपल्या जिल्ह्याला रेडिओचं मोल नव्याने सांगायला नको. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गाला शिरली. चार दिवसांनी, 17 तारखेला, निजामाने हैदराबादच्या रेडिओवरून शरणागती सांगितली. रझाकारांच्या भीतीने घर सोडून सोलापूर, बार्शीकडे गेलेल्या माणसांना आता परत जाता येणार होतं. त्यानंतर चार वर्षांच्या आत, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, निजामाची ही प्रजा मतदार झाली. त्या पिढीला रेडिओवर सर्वात मोठी राजकीय बातमी ऐकू आली, आणि तिने ती पेलली.

म्हणून मागण्या सरळ आहेत. धोरणातलं बातम्या आणि चालू घडामोडींवरचं बंधन काढा. वृत्तपत्राला जे कायदे लागतात ते रेडिओला लावा, त्याहून जास्त नकोत. तोवर निदान एवढं लेखी सांगा, की मतदारयादीचं वाचन, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं, ग्रामसभेचे ठराव आणि जिल्हा परिषदेचा जमाखर्च हे 'राजकीय' धरले जाणार नाहीत. हे एका परिपत्रकाचं काम आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मनात आणलं तर हंगामाआधी होईल.

आणि जिल्ह्याने मंत्रालयाची वाट बघत बसायचं कारण नाही. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, गावोगाव बचतगट आहेत, आराधी बायकांचे मेळे आहेत, गोंधळ्यांची घराणी आहेत. माचनूरच्या बायकांकडे 1998 साली कॅसेट होती, इथे प्रत्येकाच्या हातात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. पुढच्या दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या आत, एका गावाने ग्रामसभेत आपली मतदारयादी मोठ्याने वाचून मुद्रित करावी. कोण गेलं, कोण आलं, कोणाचं नाव कोणी काढलं, सगळं. ते मुद्रण टोळीबरोबर फडावर जाऊ द्या. नाव घालण्याचे, काढण्याचे, दुरुस्त करण्याचे, म्हणजे नमुना 6, 7, 8 चे अर्ज मुकादमाच्या नव्हे, बीएलओच्या हातात पडू द्या. पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली तारीख. ऑक्टोबरची गाठायची असेल तर अठरा पूर्ण करणाऱ्या पोरापोरींचे अर्ज श्रावणातच भरायला घ्या.